आपापल्या वाट्याची चूक

काका गेले त्या दिवशी स्मशानातून परतताना आमच्या रॅली क्लबातला एक जण गाडीत म्हणाला, "चला, आता रॅली वेळेवर सुटेल." आम्ही सगळे मोठ्यानं हसलो.

काकांमुळे आमची एकही रॅली वेळेवर सुटली नाही, ही गोष्ट खरीच आहे. रविवारी सकाळी कलकत्त्यात फोर्ट विल्यमच्या बाजूला, मैदानालगत गाड्या रांगेत उभ्या असायच्या. झेंडा दाखवायला आलेले पाहुणे तो झेंडा या हातातून त्या हातात घेत असायचे. आणि काका कुठल्या तरी गाडीपुढे भर रस्त्यात रुमाल पसरून त्यावर मांडी घालून बसलेले असायचे.

"मी दिसतो का?" ते खालूनच ओरडायचे.

"नाही दिसत, दादा," आतून चालक म्हणायचा.

"मग बकरीही दिसणार नाही तुला. सीट वर घे."

हे सगळं मी मराठीत लिहितो आहे, पण प्रत्यक्षात ते बंगालीत चालायचं. भवानीपुरात जन्मलेला, आजोबांच्या वेळेपासून कलकत्त्यात राहिलेल्या घरातला माणूस. त्यांचं बंगाली ऐकून ते मराठी आहेत हे कोणाला खरं वाटत नसे. आणि त्यांचं मराठी ऐकून ते कधी पुण्यात राहिले नाहीत, हेही खरं वाटत नसे. रस्त्यात कुठेही हात वर करून "थामो!" म्हणून ओरडायची त्यांना सवय होती. थामो म्हणजे थांब. त्यावरून क्लबात त्यांचं नाव 'थामो-दा' पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

ज्यांना आमचा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्या रॅलीत जो जोरात जातो तो जिंकत नाही. रस्ता नेहमीचाच, रहदारीही नेहमीचीच. प्रत्येक टप्प्याला एक सरासरी वेग ठरवून दिलेला असतो, कायद्याच्या मर्यादेच्या बराच आतला, आणि तेवढाच वेग शेवटपर्यंत राखायचा. वाटेत कुठेतरी, झाडाआड किंवा टपरीमागे, मार्शल लपून बसलेले असतात. ते प्रत्येक गाडीची वेळ टिपतात. लवकर आलात तर गुण कापले जातात, उशिरा आलात तरी कापले जातात. ऐकायला अगदी निरुपद्रवी खेळ. पण गाडी कुठे अडकली की गेलेला वेळ भरून काढायची घाई होते, आणि सगळा धोका त्या घाईत असतो. म्हणून वेग कोण ठरवतो आणि ती लपलेली जागा, म्हणजे चेकपॉइंट, कोण कुठे लावतो, याला फार महत्त्व. ते काम काही वर्षं माझ्याकडे होतं. मी आखलेला मार्ग पाहून "हा सुरक्षित आहे" असं म्हणायचं काम काकांकडे होतं.

मी बँकेच्या बदलीवर नागपूरहून इथे आलो. दोन-तीन वर्षांत परत जायचं म्हणून आलो आणि राहून गेलो. पहिल्याच वर्षी आपल्या मंडळींच्या गणपतीत जेवायला गेलो होतो. काका पंगतीत मठ्ठा वाढत होते.

"नवीन दिसतोस. आलास कसा कलकत्त्याला, रेल्वेनं?"

"नाही, गाडी चालवत आलो. नागपूरहून," मी जरा ऐटीत म्हणालो.

"एकटा?"

"एकटा."

"वाटेत किती वेळा घाबरलास?"

"एकदाही नाही."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ काळजीनं पाहिलं, न विचारता वाटीत आणखी मठ्ठा ओतला आणि म्हणाले, "मग तुला शिकवायला हवं. रविवारी घरी ये."

मी गेलो. तेव्हापासून जात राहिलो.

काका कलकत्त्याजवळच्या बजबज गावातल्या एका जूट मिलमध्ये यंत्रांच्या देखभालीचे इंजिनिअर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मिल त्यांच्या बोलण्यातून कधी गेली नाही. मिलमध्ये कोणाचं बोट गेलं, की चौकशी व्हायची आणि चौकशीत नेहमी एकच निघायचं: कामगाराचं लक्ष नव्हतं. "आयुष्यभर मी ते एकच वाक्य वाचलं," काका सांगत. "यंत्राचं लक्ष कुठं होतं, मालकाचं कुठं होतं, माझं कुठं होतं, हे एकदाही कोणी लिहिलं नाही." क्लबात कोणी सुरक्षेच्या नियमांना हसलं, तर ते चिडत नसत. शांतपणे म्हणत, "प्रत्येक नियमाच्या मागं कुणाचं तरी प्लास्टर असतं. नियम पाठ करू नकोस. पाय कोणाचा मोडला होता ते विचार."

स्पर्धकांकडून आम्ही एका कागदावर सही घेत असू, की मी स्वतःच्या जोखमीवर भाग घेतो आहे. तो कागद काकांना मुळीच आवडत नसे. "गाडीतल्यानं सही केली, ठीक. रस्त्यानं मुरमुऱ्यांची पिशवी घेऊन चाललेल्या म्हातारीनं कुठं सही केली? तिची सही आणलीस तर मी हा कागद मानतो."

त्यांची रस्ता तपासायची पद्धत अशी होती, की माझ्यासारख्या घाईच्या माणसाचा जीव जाई. गाडीतून रस्ता पाहिला तर तो गाडीचाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते त्यांची जुनी ॲम्बॅसिडर गावाबाहेर उभी करायचे, डिकीतून वेताचा एक मोडा काढायचे, म्हणजे बंगालमधलं डमरूच्या आकाराचं बसायचं आसन, आणि वळणावर, बाजाराच्या तोंडाशी, शाळेच्या भिंतीजवळ तो ठेवून बसून राहायचे. आणि ज्या वारी, ज्या वेळी रॅली तिथून जाणार, त्याच वारी त्याच वेळी. "बुधवारी दुपारचा रस्ता आणि रविवारी सकाळचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत. नाव एक असलं म्हणून काय झालं?" लोक त्यांना जमिनीचा दलाल समजत. एका गावात ते निवडणुकीच्या कामावर आलेत असं वाटून एकानं त्यांच्यापुढे आपलं रेशनकार्ड ठेवलं होतं. काकांनी ते पाहिलं, नावातली चूक दाखवली, आणि ती कुठे दुरुस्त करून मिळेल तेही समजावून सांगितलं. त्यात अर्धी सकाळ गेली.

पण त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा रॅलीच्या आधीच्या सभेत दिसायचा. गाड्या सुटण्यापूर्वी सगळे स्पर्धक एकत्र जमत आणि त्यांना सूचना दिल्या जात. काकांनी तिथे एक प्रथा पाडली होती. प्रत्येक पदाधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर उभं राहायचं, स्वतःचं नाव सांगायचं, आणि आपल्यावर काय आहे ते सांगून शेवटी "हे माझं" म्हणायचं. बंगालीत, "एटा आमार." मी उभा राहून म्हणायचो, "सगळ्या टप्प्यांचे वेग आणि चेकपॉइंटच्या जागा. एटा आमार." मार्शल म्हणायचे, "माझ्या चेकपॉइंटजवळची रहदारी. एटा आमार." शेवटी काका उठायचे, "मार्गाला दिलेली मान्यता. एटा आमार." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला शाळेतल्या प्रतिज्ञेची आठवण झाली आणि हसू आलं. स्पर्धक तर उघड टिंगल करायचे. चहा आला की कोणीतरी कप उंचावून विचारायचा, "दादा, साखर जास्त आहे, ही कोणाची?" आणि मागून उत्तर यायचं, "एटा थामो-दार!", म्हणजे थामो-दांची. काकांना मधुमेह होता, त्यामुळे हशा दुप्पट व्हायचा.

त्या मधुमेहावर काकूंची कडक नजर होती. काका बाहेरून आले की काकू काही न बोलता त्यांचा उजवा हात धरायच्या आणि बोटांचा वास घ्यायच्या.

"रसगुल्ला."

"अगं, अर्धाच."

"अर्ध्यालाही दोन बोटं लागतात."

अशा माणसाबद्दल काही तरी हलकंफुलकं लिहून थांबायला मला आवडलं असतं. पण मग मी त्यांच्याबद्दल काहीच लिहिलं नाही असं होईल.

ज्या रॅलीबद्दल मी सांगणार आहे, तिचा एक टप्पा बजबजच्या अलीकडे रेल्वेचं फाटक ओलांडून जात होता. फाटकाच्या पुढे एक छोटा बाजार होता आणि बाजार संपल्यावर थोड्या अंतरावर मी चेकपॉइंट लावला होता. मार्ग आखताना मी तिथून गेलो तेव्हा फाटक उघडं होतं. पुन्हा गेलो तेव्हाही उघडंच होतं. बंद फाटकात गाडी अडकली तर तो वेळ धरायचा नाही, अशी सूट अशा ठिकाणी देता येते. मी ती दिली नाही. चेकपॉइंटची ती जागा मला फार आवडली होती. एका वडाच्या पारंब्यांआड ती इतकी छान लपली होती, की मी स्वतःवर खूश होतो.

रविवारी पहिल्या काही गाड्या फाटकातून सुरळीत गेल्या. मग बजबज लोकल यायची वेळ झाली आणि फाटक पडलं. गाड्या अडकल्या. फाटक उघडल्यावर सगळ्यांनी गेलेला वेळ भरून काढायला बाजारातून गाड्या दामटल्या. त्यातल्या एका गाडीनं निमाई मोंडल नावाच्या मासेवाल्याला उडवलं. तो सायकलवर मागे डबा बांधून बाजाराकडे वळत होता. त्याची मांडी मोडली.

त्याच गाडीतून त्याला इस्पितळात नेलं. रॅली थांबवली. मला कळलं तेव्हा मी शेवटच्या ठिकाणी बक्षिसांच्या टेबलापाशी उभा होतो. पुढचं मला नीट आठवत नाही. काकांनी मला गाडीत घातलं आणि आम्ही इस्पितळात गेलो, एवढं आठवतं.

इथे माझ्या स्वभावाबद्दल सांगणं भाग आहे. चूक अंगावर घ्यायची मला लहानपणापासूनची खोड आहे. माझी बायको म्हणते, "घरातले लाइट गेले तरी हा सॉरी म्हणतो." बँकेत दुसऱ्याच्या हातून काही राहिलं, तरी मी आधी मान खाली घालतो. लोक याला चांगुलपणा म्हणतात आणि मीही तेच समजत होतो.

तर मी निमाईच्या खाटेजवळ गेलो. त्याच्या पायाला वजन लावलं होतं, चेहरा राखेसारखा झाला होता. बायको उशाशी बसून त्याला वारा घालत होती. मी हात जोडले आणि माझ्या मोडक्या बंगालीत सुरुवात केली, की सगळा दोष माझा आहे, सगळा, मी पापी आहे, मला क्षमा करा. बोलता बोलता मला रडू फुटलं. मोठ्यानं. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघू लागले. निमाईची बायको गोंधळून उठली. तिनं पंखा खाली ठेवला, मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं, कुठून तरी ग्लासभर पाणी आणलं. "रडू नका, बाबू, रडू नका, होईल बरं," असं म्हणत ती माझ्याजवळ उभी राहिली. निमाई छताकडे बघत होता.

काकांनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर आणलं. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवतील.

"तू आत त्याला बघायला गेला होतास, की स्वतःला बरं करून घ्यायला?"

"काका, माझीच चूक आहे. सगळी."

"सगळी?" काका एवढ्या मोठ्यानं म्हणाले की नर्सनं वळून पाहिलं. "हाव तरी किती करशील? त्या बाईला नवऱ्याचा पंखा सोडून तुझे डोळे पुसायला लागले. दिसलं का तुला ते?"

मला ते दिसलं नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर दिसलं, आणि ते अजूनही दिसतं.

चौकशीची बैठक क्लबाच्या खोलीत पुढच्या आठवड्यात झाली. मी राजीनामा मनाशी ठरवून गेलो होतो. बोलायची वेळ आली तशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, की हा अपघात पूर्णपणे माझ्यामुळे झाला, बाकी कोणाचाही संबंध नाही, मी या खेळातून कायमचा बाहेर पडतो.

खोलीत जे झालं ते मला फार बोलकं वाटतं. सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. आमचे सेक्रेटरी उठून माझ्याजवळ आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "याला म्हणतात सज्जन माणूस. किती मोठेपणा! चला, म्हणजे विषय संपला." कोणीतरी पोऱ्याला शिंगाडे आणायला सांगितलं, म्हणजे आपले सामोसे. ज्या गाडीनं निमाईला उडवलं तिचा चालकही आला होता. त्यानं पहिल्यांदाच खिशातून मोबाइल काढून बघितला.

"थामो," काका म्हणाले.

ते त्यांच्या मोड्यावर बसले होते. क्लबाच्या खुर्च्यांवर ते कधी बसत नसत. बसूनच म्हणाले, "एवढी मोठी चूक एकट्याला देता येणार नाही. त्यात माझीही आहे. मला माझी परत हवी."

"दादा, आता कशाला उकरता?" सेक्रेटरी म्हणाले. "त्यांनी घेतलंय ना."

"त्यानं माझंसुद्धा घेतलंय. न विचारता." काका उठले. "त्या फाटकापाशी मी बसलो होतो. रविवारी, बरोबर वेळेला. पहिली गाडी जाईल त्या सुमारास फाटक उघडं होतं. पण पहिलीच्या मागं गाड्यांची रांग येणार होती. शेवटची जाईपर्यंत मी बसायला हवं होतं, तर लोकल आली तेव्हा फाटक पडलेलं मला दिसलं असतं. मी बसलो नाही. बाजारात एका दुकानात गरम जिलिपी काढत होते. मी उठून जिलिपी खायला गेलो. आणि घरी येऊन मार्गाला मान्यता दिली." मग सभेत म्हणायचे तसंच म्हणाले, "एटा आमार."

कोणी हसलं नाही.

मग त्यांनी शर्मिष्ठाकडे पाहिलं. ती कॉलेजात शिकवते, त्या दिवशी फाटकापुढच्या चेकपॉइंटवर तीच मार्शल होती. ती आपण होऊन उभी राहिली. "गाड्या फाटकात अडकल्याचं मला कळलं होतं," ती म्हणाली. "मी फोन केला, की हा चेकपॉइंट रद्द करू का. मला सांगितलं, चालू ठेव, निकाल लागायला उशीर होईल, पाहुणे थांबलेत. मी चालू ठेवला. मला तो बंद करता आला असता. मी केला नाही. हे माझं."

"फोनवर कोण होतं?" कोणीतरी विचारलं.

शर्मिष्ठा नाव न सांगता खाली बसली. काका फक्त वाट बघत राहिले, फाटकाजवळ बसून बघायला हवी होती तशी. शिंगाडे आले, टेबलावर ठेवले गेले, कोणी हात लावला नाही. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "हा माझा अपमान आहे," आणि उठून निघून गेले. दारातून बाहेर पडताना त्यांचा चेहरा माझ्यासमोरून गेला; तो रागाचा नव्हता. त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी काकांना फोन करून सांगितलं, की हो, मीच होतो, आणि पुढच्या बैठकीत मी ते उभा राहून सांगेन. तसं त्यांनी सांगितलंही. पण त्या दिवशी नाही.

त्या दिवशी शेवटी चालक बोलला. खाली बघत म्हणाला, "बाजारात मी वेग कमी करायला हवा होता. कोणी चेकपॉइंट कुठेही लावला असो. पाय माझा होता."

मग काका माझ्याकडे वळले. "आता तू. सगळं नको. तुझ्या वाट्याचं तेवढंच सांग."

मला ते जमेना, हे मी कबूल करतो. सगळं माझं म्हणणं सोपं होतं; त्यात एक प्रकारची ऊब असते, बाकीचे लगेच तुम्हाला माफ करू लागतात. थोडं सांगायचं तर ते नेमकं सांगावं लागतं. मी दोनदा सुरू केलं आणि दोनदा काकांनी "थामो" म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणालो, "फाटकाच्या पुढे चेकपॉइंट लावला आणि अडकलेल्या वेळाची सूट दिली नाही. जागा छान लपली होती म्हणून लोभ झाला. हे माझं."

"झालं," काका म्हणाले. "बस."

माझा राजीनामा त्यांनी घेऊ दिला नाही. "तू गेलास की तुझ्या जागी दुसरा येईल, त्याला फाटकाचं काही माहीत नसेल." वर्षभर मी मार्ग आखायचा नाही, मार्शल म्हणून रस्त्यावर उभं राहायचं, असं ठरलं. स्वतः त्यांनीही वर्षभर मान्यता द्यायचं काम सोडलं आणि माझ्याबरोबर चेकपॉइंटवर बसू लागले. फाटकानंतर चेकपॉइंट लावायचा नाही. मार्शलला धोका वाटला तर कोणालाही न विचारता त्यानं चेकपॉइंट बंद करायचा. शेवटची गाडी जाईपर्यंत रस्ता बघायचा. बाजारात कोणीही वेग वाढवला तर त्याची रॅली तिथेच संपली. हे नियम आज आमच्याकडे आहेत, ते त्या बैठकीतून आले. मी एकट्यानं सगळं घेतलं असतं, तर त्यातला एकही आला नसता. फक्त मी घरी बसलो असतो आणि फाटक तिथेच पडत राहिलं असतं. हे समजायला मला फार वेळ लागला, पण समजलं.

काकूंना जिलिपीचं बैठकीनंतर कळलंच. मी तेव्हा त्यांच्या घरी होतो. काकूंनी नेहमीप्रमाणे काकांचा हात धरला, पण वास घेतला नाही. बराच वेळ तो हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चार लोकांत सांगितलंत ते बरं केलंत." आणि आत जाऊन भाताला फोडणी दिली.

निमाईकडे आम्ही अधूनमधून जात होतो. उपचारांचं क्लब बघत होता, विम्याच्या कचेरीतल्या खेपा काका घालत होते. पण मी त्याच्याशी नीट बोललो नव्हतो. इस्पितळातल्या त्या रडण्यानंतर मला त्याच्यासमोर जायची लाज वाटायची. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर गाडीशी थांबायचो. तो काठी घेऊन चालू लागला तेव्हा काका म्हणाले, "आज आत जायचं. एकटा. मी ओसरीवर बसतो."

निमाई खाटेवर बसून जाळं दुरुस्त करत होता. मी समोर बसलो. या वेळी हात जोडले नाहीत. म्हणालो, "फाटकाच्या पुढे गाड्यांची वेळ टिपायची जागा मी ठरवली. फाटकात गेलेला वेळ मी सोडायला हवा होता. तो सोडला नाही, म्हणून गाड्या बाजारातून जोरात आल्या. बाकीच्यांनीही चुका केल्या, पण ही माझी."

तो जाळं विणत राहिला. मग ते बाजूला ठेवलं.

"त्या दिवशी इस्पितळात तुम्ही आलात," तो म्हणाला, "तेव्हा मला तुम्हाला शिव्या द्यायच्या होत्या. पायात एवढं दुखत होतं, आणि समोर दोष घ्यायला माणूस उभा. पण तुम्ही रडायला लागलात. रडणाऱ्या माणसाला शिव्या कशा देणार?"

"आता द्या," मी म्हणालो.

आणि त्यानं दिल्या. आधी हळू, मग आवाज चढत गेला. तुम्हा लोकांना रविवारी दुसरं काम नाही का; रस्ता तुमच्या बापाचा आहे का; गुण कापले जातील म्हणून माणूस कापायचा का; माझी बायको एवढे महिने डोक्यावर मासे घेऊन फिरली, तिच्या मानेचं काय; पावसाळी हवेत पाय दुखतो, रात्री झोप लागत नाही, त्याचं काय. बऱ्याच शिव्या मला कळल्या नाहीत, पण त्यांचा रोख कळत होता. त्याची बायको दारात आली, "अहो, बाबूंना असं कोणी बोलतं का!" म्हणू लागली. तितक्यात ओसरीवरून काकांचा आवाज आला, "बोलू द्या त्याला, वहिनी. तो माझ्याही वाट्याचं बोलतोय, माझी पाळी यायची आहे."

मी ऐकत राहिलो. मान खाली घालावीशी वाटत होती, ती घातली नाही. डोळे भरून येत होते, ते येऊ दिले नाहीत. कारण मी रडलो असतो तर तो पुन्हा थांबला असता, आणि त्याचं अजून बोलून व्हायचं होतं. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत काका बाहेर ओसरीवर बसून राहिले. मला सोडवायला आत आले नाहीत.

कोणीही माझ्यावर केलेल्या उपकारांत काकांचा हा मी सर्वांत मोठा मानतो.